पिल्लाचं घर

दीप्तीला कुत्र्याचं पिल्लू हवं होतं ते मुलीच्या तोंडून शब्द फुटावा म्हणून. नऊ वर्षांची सान्वी घरात बोलेनाशीच झाली होती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, एखादा मुका जीव आणा घरात, त्याच्याशी तरी बोलेल.

नवऱ्याचा होकार तिने त्याचा मूड बघून मिळवला. प्रितम मानपाड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. खुशीत असला की मुलीला खांद्यावर घेऊन नाचायचा. बिनसलं की हाताला लागेल ते भिंतीवर, नाहीतर दीप्तीवर. तिच्या कोपरावरचा व्रण शेजारणींसाठी कुकरच्या वाफेचा होता. त्या दिवशी मात्र स्वारी खुशीत होती. “आणूया की! पट्टा मी आणतो,” म्हणाला, आणि खरंच घेऊन आला.

रविवारी अमृता घर बघायला आली. रस्त्यावरची पिल्लं उचलायची, बरी करायची आणि घर पारखूनच द्यायची, असं तिचं काम. प्रितमने स्वतः चहा केला. बाल्कनीची जाळी दाखवली, जनावरांचा डॉक्टर कुठला ते सांगितलं. दीप्तीचा जीव भांड्यात पडला.

मग अमृता सान्वीकडे वळली. “पिल्लू चपला फाडेल, घाण करेल. सगळे चिडतील. मग काय करशील गं?”

सान्वी बोलली. किती दिवसांनी!

“बाबा ओरडायला लागले की त्याला पण कपाटात घेईन. आम्ही दोघं मावतो. मी उशी घेऊन बसून बघितलं.”

प्रितम हसला. “काय पण बोलते ही!”

अमृता उठली. दीप्ती तिच्या मागोमाग जिना उतरली आणि खाली गेटपाशी तिने अमृताचा हात धरला. “द्या हो पिल्लू. पाया पडते तुमच्या. आज बोलली ना ती, ऐकलंत ना?”

“ताई, खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही असतात, तर दिलं असतंत?”

“नाही,” दीप्तीच्या तोंडून निघून गेलं. कुत्र्याच्या पिल्लाला ज्या घरात आपण धाडणार नाही, तिथे पोर वाढवतोय.

दुसऱ्या दिवशी प्रितम कामावर गेल्यावर सान्वीला घेऊन तिने टिटवाळ्याला भाऊ सूरजचं घर गाठलं. वहिनीने पाणी दिलं आणि विचारलं, “किती दिवस?”

प्रितमचे फोन येत राहिले. आधी शिव्या, मग रडणं. गुरुवारी फोटो आला: त्यांच्याच सोफ्यावर, लाल पट्ट्यात, दुकानातून विकत आणलेलं पांढरंशुभ्र पिल्लू. खाली लिहिलं होतं, ‘सान्वीला सांग, कोणीतरी वाट बघतंय.’

दीप्तीने फोन लपवायच्या आत सान्वीने बघितलं. ती उठून चपला घालू लागली.

“आई, चल. ते एकटंच आहे तिथे.”

“नाही जायचं, बाळा.”

“अगं, त्याला माहीत नाही कुठे लपायचं!”

दीप्तीने तिला घट्ट धरून ठेवलं. पोरीने बुक्के मारले, हाताला चावली, ओरडून ओरडून घसा बसवला. दीप्तीने सोडलं नाही. मग एका हाताने अमृताला फोन लावला. “त्यांनी पिल्लू विकत आणलंय हो. सोडवा त्याला,” म्हणाली.

संध्याकाळी अमृता प्रितमकडे जाऊन आली. त्याने दार उघडलं नाही म्हणाली. आतून पिल्लाचा आवाज येत होता. ती पुन्हा जाणार होती, सोबत कुणालातरी घेऊन.

सान्वी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दीप्तीने जवळ घ्यायला हात पुढे केला, तशी ती अंग चोरून आणखी सरकली.