गुलब्या भुंकला पाहिजे

काळजी करण्यात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस पुणे जिल्ह्यात तरी जन्माला आलेला नव्हता. पवनेचं पाणी चढलं की त्यांना पुराची काळजी, उतरलं की दुष्काळाची. गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरला काहीतरी झालं असणार, आणि वेळेवर आली तर मधलं एखादं स्टेशन न घेताच आली असणार. घराला कुलूप लावून वेशीपर्यंत गेले की परत यायचे, कुलूप ओढून बघायचे, आणि ओढल्यामुळे ते सैल झालं असेल म्हणून पुन्हा परत यायचे. एकदा ओट्यावर अगदी चेहरा पाडून बसलेले दिसले. म्हटलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "आज कशाचीच काळजी लागंना, राव. म्हंजे काय तरी ध्यानातून सुटलं असणार." थोड्याच वेळात त्यांनी ती शोधून काढली. ती निघाली माझी तब्येत, आणि धडधाकट असून मला वाटीभर कडूजहर काढा घशाखाली उतरवावा लागला.

त्यांची माझी ओळख झाली चिंचवड स्टेशनावर. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, आणि मी चिपळूण सोडून तिथे कारकुनीला लागायला आलो होतो. ट्रंक घेऊन फलाटावर उतरतो तोच फेटा बांधलेला एक काटकुळा गृहस्थ पुढे आला.

"नवीन दिसताय?"

"हो."

"हितं वळखीचं कोण?"

"कोणी नाही."

"अजाबात कोन न्हाई?"

"नाही हो!"

त्यांचा चेहरा असा काही खुलला की मी खिसा चाचपला. "लई ब्येस झालं! चला घरी, चहा घ्या," असं म्हणेपर्यंत माझी ट्रंक त्यांच्या खांद्यावर गेलीसुद्धा होती. ट्रंकेपाठोपाठ मला जाणं भागच होतं.

अंगणात कडुलिंबाखाली गोणपाटावर एक तांबूस म्हातारा कुत्रा पडला होता. मागचे पाय पार गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. मी फाटकात पाऊल टाकलं, तशी त्यानं कष्टानं मान उचलली आणि खरखरीत आवाजात भुंकला. झालं! घरमालकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आयकलंस का गं? भुकला!" आतून त्यांची बायको, म्हणजे पुढे ज्यांना मी काकू म्हणू लागलो त्या, म्हणाल्या, "आयकलं. चहा टाकते. त्या मानसाला बसा तरी म्हना."

चहा पिता पिता उलगडा झाला. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सायकलवरून येऊन या कुत्र्याला, गुलब्याला, पाहून गेले होते. हा आता बरा होत नाही, हालच व्हायचे. तुम्ही सांगाल तेव्हा सुई देतो, झोपल्या झोपल्या जाईल, असं म्हणाले होते. कुलूप लागलंय की नाही हे ज्याला ठरवता येत नाही, त्या माणसाला हे ठरवायला सांगितलं! घरमालकांनी तोंडचं अन्न टाकलं. शेवटी काकूंनी फारच धोसरा लावला तेव्हा त्यांनी एक तोड काढली. परक्याला दारात अडवायचं, हे गुलब्याचं जन्माचं काम. ते करतोय तोवर त्याला जगायचंय. ज्या दिवशी परका माणूस दारात येईल आणि गुलब्या गप्प बसेल, त्या दिवशी डॉक्टरांना बोलवायचं. आता गावातला एकूण एक माणूस गुलब्याच्या ओळखीचा. म्हणून मग रोज स्टेशनावर जाऊन गाडीतून एखादा परका उतरवून घ्यायचा.

त्या आनंदाच्या भरात मला राहायला खोली मिळाली. पण दुसऱ्याच दिवशी गुलब्यानं माझ्या पायावर नाक टेकलं, आणि घरमालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला फितवला. "इतक्यात वळख झाली व्हय?" म्हणाले. तेव्हापासून माझा उपयोग एकच, कारखान्यातून नवी माणसं पुरवायची. माणसांना तोटा नव्हताच, रोज कुठून कुठून लोक येत होते. निर्वासितांच्या छावणीतला एक सिंधी कापडवाला आणला, मद्रासकडचा एक इंजिनियर आणला. त्या इंजिनियरला वाटलं, नव्या माणसाला कुत्र्यासमोर उभं करून मग चहा द्यायचा अशी इकडची रीतच आहे. त्यानं गुलब्याला मनोभावे नमस्कार केला, आणि पुढच्या आठवड्यात मला विचारलं, "पुन्हा कधी जायचं?" पुढे गुलब्याचे कानही मंदावले, तशी घरमालक पाहुण्यांना फाटकाबाहेरच बजावू लागले, "जरा पाय आपटत या बरं का."

मला हसू यायचं, पण ते क्षणभरच. पाहुणा फाटकात शिरला की घरमालक श्वास रोखून उभे राहायचे, फेट्याचा शेव मुठीत आवळून. गुलब्याला भुंकायला उशीर होऊ लागला होता, आणि तेवढ्या वेळात मीही मनातल्या मनात त्याला "भुंक, भुंक" म्हणायचो. एका जागी पडून त्याच्या अंगाला जखमा झाल्या होत्या. काकू हळद-तेल लावून त्याची कूस बदलायच्या तेव्हा तो असा केकाटायचा की ऐकवत नसे. एकदा काकू म्हणाल्याच, "भुकतंय म्हंजी सुखात हाय व्हय ते? दुखतंय म्हनून भुकत आसंल." घरमालक उठून कुलूप बघायला गेले, आणि घरात तर आम्ही सगळेच होतो.

मग एका दुपारी ते चाकणच्या बाजारात कांदा विकून परत आले. मी ओट्यावर बसलो होतो. त्यांनी फाटक उघडलं आणि गुलब्या भुंकला. चांगला जोरात भुंकला. घरमालक हरखून मागे वळले, कोण परका आलाय ते बघायला. मागे कुणीच नव्हतं.

"गुलब्या, आरं मी हाय," म्हणत ते पुढे झाले, तसा तो गुरगुरला. ते मेलेले पाय ओढत गोणपाटावरून मागे मागे सरकायला लागला. घरमालकांनी फेटा काढला, बाजाराचा कोट काढून टाकला, खाली बसले, लहान मुलाला बोलवावं तसं बोलावलं, हात हुंगायला पुढे केला. गुलब्या गल्लीकडच्या भिंतीला चिकटला आणि थरथर कापत तिथेच मुतला.

घरमालक उठले. एकेक पाऊल मागे घेत फाटकाबाहेर गेले, फाटक लावलं, आणि स्वतःच्या घराबाहेर गल्लीत उभे राहिले.

"डॉक्टरला आना," मला म्हणाले. "आत्ता."

मी सायकल काढली. डॉक्टरांना घेऊन आलो तरी ते तिथेच उभे होते, बोडक्या डोक्यानं, उन्हात. काकूंनी गुलब्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि तो त्यांचा हात चाटत होता. काकूंना तो ओळखत होता. मी घरमालकांना म्हटलं, "आत या हो. त्याला दिसत नाही आता."

"नको. जाताना भ्याला तर?"

मला रडू आवरेना. ते भिंतीच्या पलीकडे, गुलब्या होता बरोबर त्याच जागी, भिंतीला हात टेकून उभे राहिले. डॉक्टरांचं काम झालं, त्यांनी मान हलवली, आणि काकूंनी हाक मारली, "या आता."

ते आले, जमिनीवर बसले.

"भ्याला न्हाई ना?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "न्हाई भ्याला."

मग त्यांनी गुलब्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि त्याचे कान कुरवाळत बसले. कडुलिंबाखाली खड्डा खणायला मी कुदळ आणून ठेवली होती. पण अंधार पडेपर्यंत त्यांनी कुणाला ती उचलू दिली नाही.