कोंबड्यांची पेज

ये व पोरी, जवळ ये. नागपुरात बसली असशील तर तिथूनच कान इकडं कर. मोठी नोकरीवाली झालीस म्हणून मावशीनं रागवायचं नाही, असं थोडंच आहे? परवा फोनवर काय हसलीस! "मावशी, सून कोंबड्यांले काढा पाजते म्हणे. आता च्यवनप्राशबी चाटव म्हणा त्यायले." मी फोन ठेवून दिला. बोलले असते तर तुझ्या वाट्याचा नव्हता तो रागही तुझ्यावरच निघाला असता. म्हणून लिहिते. पूर्ण वाच, मग हसू आलं तर हस बाप्पा.

शेड तू पाहिली आहेस. घरामागं, जिथून धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथं. आधी कंपनीची पिल्लं असायची, कंपनीचंच खाद्य, आपण फक्त राखायचं. सुनेला ते पटेना. ती म्हणाली, "आई, तुमसरच्या राइस मिलची कनकी हाये, कोंडा हाये, अन् आपण बाहेरून पोती कायले आणाची?" मग तिनं स्वतःचं खाद्य सुरू केलं. मका, सोयाबीनची ढेप, तांदळाच्या तुकड्यांची ती कनकी, थोडा कोंडा. पण कोंड्यातली ताकद कोंबडीच्या पोटात सुटत नाही, हे मला तिच्यामुळं कळलं. ती सोडवायला एक पावडर मिळते, एन्झाइमची. ती खाद्यात कोरडी मिसळायची. ती असली की हाडासाठी वेगळा खनिजाचा चुरा कमी घातला तरी चालतो, आणि सुनेनं तो कमी केलाच होता. सोबत कडुलिंब, हळद, लसूण, ओवा यांचा काढा, थंड करून पाण्यात. बस, एवढंच. लस चुकवायची नाही, आजार दिसला तर डॉक्टरला बोलवायची. काढ्यानं सगळं बरं होतं असं तिनं कधी म्हटलं नाही. ते म्हणायचा तो भंडाऱ्याहून येणारा विक्रीवाला, हिरव्या पानांचं चित्र असलेले डबे घेऊन. "माताजी, हे देल्लं का रोग दारात उभाच राहत नाही." सुनेनं त्याला चहा पाजला आणि डब्यासकट वाटेला लावलं.

तर झालं असं. एकोडीला तिच्या वडिलांचा पाय मोडला, ऑपरेशन झालं, ती माहेरी गेली. मी डोळ्याचं ऑपरेशन करून काळा चष्मा लावून घरात. डॉक्टरनं धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलेलं, म्हणजे शेडवर बंदीच. जाताना तिनं नवऱ्याला, म्हणजे माझ्या मुलाला, सगळं समजावलं. हा चमचा, हे खाद्य, कोरडंच मिसळायचं. मुलगा गाडीवर ड्रायव्हर, त्याला वेळ नाही. त्यानं ते काम मोठ्या काकाकडं दिलं. काका म्हणजे माझे भासरे, ह्यांचे मोठे भाऊ. हे गेल्यापासून घरात मोठं माणूस तेच. त्यांच्या शब्दापुढं कोणी बोलत नाही.

सून परत आली तेव्हा शेडचं दार उघडताच तिला ठसका लागला. खालचा धानाचा भुसा ओला, गोळे झालेला, आंबट वास. पिल्लं उभी राहीनात. पाय पसरून बसलेली, खाद्याकडं सरकत जायची. तिनं त्याच दिवशी डॉक्टरला बोलावलं, भुसा बदलला. काही सावरली, बरीच गेली. गावभर झालं, "पाहा, औषध सोडून पालापाचोळा खाऊ घातला, आता भोगा."

आणि हेच लोक बरं का! कोंबडी न्यायला येतात तेव्हा नाक मुरडून विचारतात, "बाई, इंजेक्शनवाली तर नाय ना?" आता तीच तोंडं दुसरं बोलायला लागली.

मग एका सकाळी भासरे आले, दोन चुलत पुतणे घेऊन. माझा मुलगा होताच. ओसरीवर सतरंजी टाकली. ठरवूनच आले होते. तुमसरचा एक व्यापारी धानाची पोती ठेवायला जागा शोधत होता, शेड त्याला द्यायची. आपल्याकडं मोठ्या सासऱ्यासमोर सून सतरंजीवर बसत नाही, तुला माहीत आहे. ती डोक्यावर पदर घेऊन चौकटीला उभी. शेड तिची, मेहनत तिची, आणि बोलणार सगळे ओसरीवरचे.

एक पुतण्या म्हणाला, "वहिनी, कोंबडी आयुर्वेदिक झाली तर तिले उपासबी धरा लागते काय?" सगळे हसले. माझा मुलगाही. त्याचं हसणं मी विसरणार नाही.

भासरे म्हणाले, "हसू नका बे. पोरीनं मेहनत केली, आपण नाय म्हणत नाय. पण तिले समजलं नाही. आता पाहा, कच्ची पावडर कोणाच्या पोटात पचते? बैल लंगडला का आपण काय देतो? पेज. तर म्या रोज कनकीची पेज शिजवली, तिची ती पावडर त्यात टाकली, चांगली रटरट उकळू देल्ली, अन् गरम गरम ओतली ताटल्यांत. अन् कोरड्या खाद्यात मंग काहीच नाय टाकलं, डबल कायले? एवढं करून वाचल्या नाहीत. म्हणजे पावडरच फालतू."

ते हे मोठ्या अभिमानानं बोलत होते, पोरी. आणि सगळे मान डोलवत होते. मी सुनेकडं पाहिलं. चष्मा काळा, पण तिचा चेहरा मला दिसला. पांढरा फटक.

ती हळू बोलली, "मोठे मामाजी, ते उकळायचं नसते. उकळलं का मरते ते."

"म्हणजे म्या मारल्या काय तुह्या कोंबड्या?"

तिनं पदर आणखी ओढला. माझ्या मुलानं तिच्याकडं पाहून म्हटलं, "तू आत जा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी आजवर भासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढला. म्हटलं, "ती कायले आत जाईल? उकळत्या दुधात विरजण टाका अन् दही नाय लागलं तर गाईले शिव्या द्या! तिनं कोरडी सांगितली, तुम्ही शिजवून मारली, मंग पिल्लांच्या हाडाले ताकद कुठून येईल? तिनं पाणी खाली सांडू देल्लं नाही, तुम्ही पेज ओतून भुसा नासवला. विचारलं काय कोणाले? एक फोन लागत नव्हता एकोडीले?"

भासरे म्हणाले, "भल्यासाठीच केलं व म्या."

"भल्यासाठीच केलं, हे मलेबी मालूम हाये. पण भलं करताना तिचं ऐकाचं नाय, अन् बिघडलं का तिच्याच डोक्यावर, हे कोणतं भलं?"

पुतण्या मध्येच बोलला, "काकू, मोठ्या माणसाले..."

"तू चूप रे! तू उपासाचं बोलत होता ना, जा, आज तूच धर."

भासरे उठले. चहा तसाच राहिला. दारातून जाताना मुलाला एवढंच म्हणाले, "तुह्या मायले सांभाळ."

मुलगा संध्याकाळपर्यंत माझ्यामागं होता. काकाची माफी माग, व्यापाऱ्याला शब्द दिला आहे. मी म्हटलं, "शब्द तुवा देल्ला, तूच वापस घे. ती जागा माह्या बापानं मले देल्ली हाये. तिथं धानाचं एक पोतं आलं तर म्या त्या पोत्यावर जाऊन बसतो, उचला मंग मले." गेला मुकाट. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला नाही म्हणून आला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. नाही तर नाही. भासरेही फिरकले नाहीत. खरं सांगते, सकाळी चहा ठेवताना त्यांचा एक कप हात अजून काढतो, आणि मग मला आणखीच राग येतो. एवढा मोठा माणूस, एकदा म्हणून गेला असता, "पोरी, माहं चुकलं," तर काय कमी झालं असतं त्याचं?

सुनेनं नवा भुसा पसरला आहे, थोडीच पिल्लं आणली आहेत. पावडर स्वतः मिसळते, डबा कुलुपात ठेवते. पण बोलायची कमी झाली. आधी मला एकेक गोष्ट सांगायची, कोणत्या पिल्लाला काय झालं, कोंडा किती घ्यायचा. आता काढा गाळते आणि वाटेनं कोणी जात असेल तर भांड्यावर झाकण ठेवते. लपवते ग! चोरी केल्यासारखी. ते मला पाहवत नाही.

म्हणून म्हणते, तू ये. फोन नको करू, ये. तिच्यासोबत शेडवर जा, विचार तिला, हे काय, ते काय, कोरडं काहून, थंड काहून. नीट विचार, मनापासून, तू लहानपणी मला विचारायचीस तशी. ती सांगेल. आणि मोठ्या काकाकडं जायचं असेल तर खुशाल जा, त्यांचा तुझ्यावर जीव आहे. पण आधी आमच्याकडं. कारध्याच्या पुलावर पोचलीस की फोन कर, मुलाला पाठवते घ्यायला. येत्या रविवारीच ये व, उशीर नको करू.