चाळिसाव्याची आतडी

"वासाचं काय घेऊन बसलीस? वास काय आज नवा हाय व्हय?" बुरुल बाह्या वर सारत म्हणाली. "जावं का न्हाई ते म्या वरच्याला इचारलं. कासमालीची बाई, ती कालीचा, येऊन गेली तवापासनं इचारतीया. उत्तर एकच येतंय, आन् मला ते आवडत न्हाई."

मी म्हणाले, मग परत विचार.

"इचारलं की. मनासारखं उत्तर येईस्तोवर इचारत ऱ्हायाचं, त्याला काय प्रार्थना म्हणत्यात? ती घासाघीस झाली. बादली उचल."

मी बादली उचलली. कुंपणापलीकडून घोड्याच्या आतड्यांचा वास येत होता.

कासमाली मेल्याला चाळीस दिवस झाले होते, आणि त्याच्या घरी चाळिसाव्याचं जेवण होतं. पहाटे घोडा कापलेला. मांस बायकांनी कढयांत लावलं होतं आणि आतडी गोठ्यामागं ताडपत्रीवर पडली होती, जुलैच्या उन्हात, निळ्या माश्यांनी झाकलेली. ती धुवायला बुरुलला बोलावलं होतं. पुढच्या दारानं नव्हे. गोठ्यामागच्या कुंपणाची एक फळी काढून ठेवली होती, कुत्र्यासाठी ठेवतात तशी.

आमच्या कोक-जार गावात माणूस वाळीत टाकायला कुणी बैठक बसवत नाही. आतडी धुवायला बोलावणं बंद झालं की समजायचं. लग्न असो, मयत असो, घोडा कापला की आतड्यांपाशी गावातल्या बायका एका ओळीत बसतात, आणि त्या ओळीत जागा असेल तर तुम्ही गावातले. बुरुलची जागा त्या ओळीत पहिली होती. घोड्याचं आतडं उलटं करताना आतली चरबी न सोलता राखायची, ती तिनं राखावी. तिनं भरलेला चुचुक, म्हणजे मांस आणि चरबी ठासलेलं आतडं, म्हातारे डोळे मिटून खायचे.

मग ती शहरातल्या दुधाच्या कारखान्यात दोन हिवाळे कामाला गेली आणि तिथल्या एका म्हाताऱ्या जर्मन बाईकडून येशूची श्रद्धा घेऊन परत आली. गावानं आरडाओरडा केला नाही. नुसतं पुढच्या लग्नात आतडी धुवायला बोलावलं नाही. तिचे हात बाटले म्हणे. पोरींच्या बाळंतपणाला मात्र तेच हात चालायचे, कारण ते रातोरात आणि गुपचूप होतं.

पुढं आम्ही सात-आठ बायका तिच्या घराच्या मागच्या खोलीत लोकरीच्या नमद्यावर बसून प्रार्थना करायला लागलो. महिन्यातून एकदा शहरातून मंडळीचा एक भाऊ, म्हणजे उपदेशक, यायचा. स्वच्छ माणूस, खिशात इस्त्रीचा रुमाल. देवाची योजना सुंदर आहे हे तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकून माझे दात आंबायचे. बुरुल तसलं काही बोलायची नाही. ती म्हणायची, सुनेनं सासूला इचारून चहा टाकावा तसं हाय बघ. आपल्याला कडक आवडतो का फिका, हा सवालच न्हाई.

तिचा नवरा बेकबोलोत कधी प्रार्थनेला बसला नाही. आम्ही आत बसलो की तो दार लोटून घेऊन बाहेर सिगरेट ओढायचा. तीन वर्षांमागं ऐन थंडीत तो गेला. रीतीप्रमाणं अंगणात तंबू उभारला, प्रेत आत ठेवलं, आणि कब्रस्तानाच्या फाटकाशी कासमाली चार पांढऱ्या दाढ्या घेऊन वाट अडवून उभा राहिला. बोलला तेही अगदी मऊ. म्हणाला, बेकबोलोत आमचाच, त्याची जागा आईबापाशेजारी राखलेलीच आहे. फक्त बुरुलनं लोकांसमोर येऊन सांगावं की ती श्रद्धा सोडली. मग आम्ही स्वतः कुदळ मारतो.

म्हणजे पाप तिचं, आणि सजा त्या सिगरेट ओढणाऱ्या गरीब माणसाला. असलं गणित त्या दाढ्यांनाच सुचतं.

ती तंबूत नवऱ्याशेजारी दिवसचे दिवस बसून राहिली. तंबूत शेगडी नव्हती, पेटवली असती तर प्रेत टिकलं नसतं. तरी ते टिकलं नाहीच. वास सुटल्यावर शेजारी खिडक्या लावून घेऊ लागले. शेवटी ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "न्हाई जमायचं." बेकबोलोतला ओढ्यापलीकडं पुरलं, जिथं गाव राख टाकतं आणि मेलेली कुत्री टाकतं. शहरातल्या भावाचा निरोप आला, रस्ता बर्फानं बंद आहे, मी प्रार्थनेत आहे. वसंतात बर्फ वितळल्यावर कुत्र्यांनी माती उकरली. बुरुल ओढ्यातले धोंडे पाठीवर आणून थडग्यावर रचत होती आणि पोरं लांबून बघत होती.

आता तोच कासमाली मेला. आणि त्याची बायको कालीचा एक दिवस रुमाल नाकाला लावून बुरुलच्या दारात आली. नमद्यावर बसली नाही. समोर नान ठेवला होता, त्याचा तुकडाही तोंडाला लावला नाही. आमच्यात दुश्मनसुद्धा दारात आला तर नानचा चतकोर मोडून जातो. म्हणाली, सुना शहरातल्या आहेत, त्यांना शेण बघून उलटी होते. गावातल्या जुन्या बायका एकतर मेल्या नाहीतर त्यांच्या हातात जोर उरला नाही. तू ये, आतडी धू, चुचुक भर. कुणाला कळता कामा नये. आता घरात शब्द माझ्या पोरांचा चालतो. शरद ऋतूत बेकबोलोतची हाडं त्याच्या आईबापाशेजारी आणू.

ती गेल्यावर मी बुरुलला म्हणाले, यांना तुझे हात पाहिजेत, तू नको. थूक त्यांच्यावर. तिनं तो नान फडक्यात गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं हुतं, त्यो वरचा वैऱ्याला माफ कर म्हणंल, तेबी घरात बसून, मनातल्या मनात. त्यानं आतडी दिली." आणि थोड्या वेळानं, "खोटं कशाला बोलू, थडग्यासाठीबी जातीया."

शहरातल्या भावाला कुणीतरी फोनवर सांगितलं. तो हर्षभरित झाला. साक्षीची केवढी संधी आहे, म्हणाला, काम करताना एक फोटो काढा, परदेशातल्या मंडळींना बळ मिळेल. बुरुलनं फोन माझ्या हातात दिला आणि गाईचं दूध काढायला गेली.

तर आम्ही त्या फळीतून आत शिरलो.

आतडी म्हणजे काय ते ज्यानं ती धुतली नाहीत त्याला सांगून कळत नाही. आधी खड्ड्यावर धरून पिळायची. हिरवा, कोमट, आंबलेला लगदा बोटांवरून मनगटाकडं येतो. मग टोक दुमडून त्या दुमडीत पाणी ओतायचं, पाण्याच्या भारानं आतडं आपसूक उलटं होत जातं. मग मीठ, मग पीठ, मग आंबट ताकाचं पाणी, पुन्हा पाटाचं गार पाणी. वास नखांखाली शिरतो तो आठवडाभर जात नाही. भाकरी तोंडाशी नेली की आधी घोडा येतो. मी पाणी ओतत होते आणि तोंड फिरवत होते. बुरुल उकिडवी बसून मान खाली घालून काम करत होती. तिला घाण वाटत नव्हती असं नाही. दोनदा ती कुंपणाशी जाऊन ओकली, तोंड धुतलं, परत येऊन बसली. कासमालीचं नाव घेऊन पुटपुटत होती. मी विचारलं, शिव्या देतेस का? तर म्हणाली, त्याच्या पोरांसाठी मागतीया, पण शब्द नीट निघंनात, मधेच शिव्याबी येत्यात.

मधूनच सून डोकावायची. जार्किनाय नाव तिचं, वाईट नव्हती पोरगी, लाल नखं रंगवलेली. एकदा तिनं गुपचूप चहाची वाटी आणून ठेवली आणि पळाली.

दुपारी चुचुक शिजून बाहेर गेला. अंगणात जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती म्हातारे बसलेले. गोठ्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. बोटं चरबीत माखली, दाढ्या चमकायला लागल्या. माम्बेतकुल म्हणून त्यांच्यातला थोरला, फाटकाशी कासमालीच्या उजव्या हाताला उभा राहिलेला, त्यानं तिसऱ्यांदा ताट पुढं केलं. म्हणाला, कित्येक वर्षांत असा चुचुक खाल्ला नाही. जिच्या हातचा आहे तिला बोलवा, बाता देतो. बाता म्हणजे हात पसरून मोठ्यांनी द्यायचा आशीर्वाद; चाळिसाव्याच्या दिवशी तो नाकारणं म्हणजे मयताचा अपमान.

कालीचानं जार्किनायला पुढं ढकललं. पोरगी मान खाली घालून उभी राहिली. म्हाताऱ्यानं हात पसरायच्या आधी तिचे हात बघितले. लाल नखं, साबणाचा वास. बसलेल्या बायकांतली एक फिसकन हसली, म्हणाली, घोडा बहुतेक अत्तराचा होता. सगळे हसले. माम्बेतकुल हसला नाही. त्यानं विचारलं, कुणाच्या हातचं आहे, सरळ सांगा.

कालीचा डगमगली नाही. तिनं काय केलं ते आठवलं की अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. ती गोठ्याकडं बोट करून म्हणाली, "पाणी भरायला बुरुल आली होती, तिला विचारा. ती बघत होती. तिच्या धर्मात खोटं बोलत न्हाईत, गावाला ठावं हाय."

बाटलेली बाई, जिच्या घरचा नानही खाऊ नये अशी. पण तिचा शब्द सोन्यासारखा, तो खोटं झाकायला आणायचा. म्हाताऱ्यांनीही मान हलवली. हो, तिला बोलवा, ती खरं सांगेल.

बुरुल उठली. कोपरापर्यंत हात ओले, झग्यावर हिरवे डाग. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. कालीचा तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात एक थडगं होतं, आईबापाशेजारचं, राखलेलं. बुरुलला नुसतं "तिचंच" एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. मी गोठ्यात दात आवळून म्हणत होते, म्हण बाई, म्हणून टाक, देव एवढं समजून घेईल.

"माम्बेतकुल अता," ती म्हणाली, म्हाताऱ्याला बाबा म्हणावं तसं, "पोरीला बोल लावू नगा. हात माझं हायती."

मग जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. तरुण मुल्ला होता, तो बापडा म्हणाला, घोडा अल्लाचं नाव घेऊन कापलाय, धुणाऱ्याच्या हातानं काही बिघडत नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही. चार ताटं भरून खाल्लेले म्हातारे एकाएकी घशात बोटं घालायला लागले. एक कुंपणाशी वाकला आणि त्याच्या नव्या टोपीवरच पडलं. माम्बेतकुल थुंकत होता, दाढी पुसत होता, परत थुंकत होता. कोपऱ्यातला बहिरा म्हातारा मात्र सगळ्यांचा उरलेला चुचुक आपल्यापुढं ओढून निवांत खात होता. कढईतला बाकीचा चुचुक पोरांनी परातीनं कुत्र्यांना टाकला. कुत्री एकमेकांना फाडायला लागली, आणि ज्या आतड्यांत तिनं मीठ-पीठ लावून सकाळ घातली होती ती कुत्र्यांच्या तोंडांत ताणली जात होती.

बुरुलच्या मागोमाग कालीचा गोठ्यात आली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तुझा नवरा आता कुत्र्यांतच पडणार. दुसऱ्यांदा तूच टाकलंस त्याला."

बुरुलचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. तंबूतून बाहेर आली होती तेव्हा होता तसा झाला. ती म्हणाली, "व्हय एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, "म्याच." कालीचा उभी राहिली, काहीतरी ऐकायचं होतं तिला, भांडण, शिवी, काहीही. ते मिळालं नाही म्हणून गेली.

मग मला राहवलं नाही. मी जे मनात होतं ते ओकले. गावाला नावं ठेवली, शहरातल्या भावाला ठेवली, आणि वरच्यालाही ठेवली. आतडी धुवायला लावली ती लावली, म्हटलं, निदान थडगं तरी द्यायचं. त्यानं सांगितलं ते केलंस, हाती काय आलं?

बुरुल गोठ्यामागं पाटाच्या कडेला बसली होती. हात पाण्यात सोडले होते, धूत नव्हती, नुसते सोडले होते. "मलाबी राग आलाय त्याचा," ती म्हणाली. "लई आलाय. सकाळी वाटलं हुतं, घाणीत हात घालणं ह्येच त्यानं सांगितलेलं काम. ते झालं की सुटले. त्ये न्हवतंच. त्ये एका शब्दाचं हुतं, आन् तोबी सगळ्यांम्होरं." तिनं एक हात झग्याला पुसला. "बेकबोलोतला काय सांगू, कळंना. त्याला सांभाळ म्हणून ह्या वरच्याला सांगितलंय. ह्यानं सांभाळला न्हाई तर मग माझं कुणी न्हाई. म्हणून सांभाळणारच म्हणतीया. आणिक काय म्हणू?"

अंगणात कढया उलट्या होत होत्या, बायका पाहुण्यांना वाटेला लावत होत्या. जार्किनाय दारात येऊन उभी राहिली, लाल नखांचे हात पाठीमागं धरून. झगा वर खोचून आमच्याजवळ उकिडवी बसली आणि ओकारी येऊ नये म्हणून तोंडानं श्वास घ्यायला लागली.

ताडपत्रीवर घोड्याचं पोट राहिलं होतं. आतून काळं, खरखरीत, शेणानं लडबडलेलं, उन्हानं फुगायला लागलेलं. मी म्हणाले, राहू दे, तेही फेकणारच आहेत.

"फेकू देत," बुरुल म्हणाली. तिनं ते मांडीवर ओढलं, सुरीची बोथट बाजू घेतली आणि एका कडेनं खरवडायला लागली. "पाणी वत. जरा गरम वत."