ज्वालामुखीवरचं भांडण

लहान विमानात चढण्याआधी माणसांना वजनकाट्यावर उभं करतात, हे मला होनोलुलूच्या विमानतळावर गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर सासूबाईंनी ती सहल टाळली असती. निमित्त काढायला त्यांना वेळ लागत नसे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत, सांता क्लाराला राहत होतो. नवरा आणि मी दोघंही इंजिनियर, लग्नाला चारेक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सासूबाई सहा महिन्यांसाठी नाशिकहून आल्या होत्या आणि त्यांना परत जायला तीन आठवडे उरले होते. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. आयुष्यभर फळ्यावर ज्वालामुखीची आकृती काढली पण खरा कधी पाहिला नाही, असं त्या एकदा जेवताना म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने हवाईची तिकिटं काढली. आईने चंद्र मागितला असता तरी त्याने ऑफिसातून फोन करून चौकशी केली असती. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

सासूबाईंचं आणि माझं फारसं पटत नव्हतं, हेही सांगून टाकते. डिशवॉशरमधून निघालेली भांडी त्या पुन्हा घासत. मी नवऱ्याला अरे-तुरे करते म्हणून त्यांच्या कपाळावर आठी पडे. माझ्या पोळ्यांना त्या नावं ठेवत नसत, नुसती बोटाने उलटून पाहत. त्यात त्यांचे उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि उरलेल्या दिवशी "आज नको, पोट जड आहे." नवरा हसायचा, "आई, देवसुद्धा आता कंटाळला असेल गं." मी मात्र आतल्या आत चडफडायचे. माझ्या हातचं खायचं नाही म्हणून ही सगळी नाटकं, असं मला वाटायचं.

सकाळी होनोलुलूहून छोट्या विमानाने निघायचं, मोठ्या बेटावरच्या जिवंत ज्वालामुखीवर घिरट्या घालायच्या, मग हिलोला उतरून बसने विवराच्या काठापर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, अशी ती सहल होती. विमानात गाइड म्हणजे वैमानिकच. कोण कुठे बसणार हे वजनावर ठरणार होतं, म्हणून काउंटरवरची मुलगी एकेकाला काट्यावर बोलवत होती. नवरा वजन देऊन कॅमेऱ्याचा रोल आणायला गेला. सासूबाई मागे सरकल्या.

"माझं कशाला? मी बसेन कुठेही."

"आई, सगळ्यांचंच करतात."

शेवटी त्या पर्ससकट, अंगावरच्या दोन स्वेटरांसकट काट्यावर उभ्या राहिल्या. "एटी वन! लकी लेडी," मुलगी म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मी मनातल्या मनात त्या पाउंडांचे किलो केले. सदतीससुद्धा भरत नव्हते. मी पुन्हा एकदा हिशोब केला, कारण मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय.

मी त्यांना हाताला धरून लेडीज रूममध्ये घेऊन गेले. "स्वेटर वर करा," म्हटलं. मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी मुकाट्याने केलं. ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत मुडपून सेफ्टी पिनांनी आवळलेला होता. साडीखाली एकावर एक तीन परकर होते.

"पोटात गाठ आहे," त्या म्हणाल्या. "निघायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. मी कुणालाच बोलले नाही."

"अहो, पण इथे इतके मोठे डॉक्टर आहेत..."

"म्हणूनच तर. त्याला कळलं की तो मला सोडायचा नाही. नळ्या लावून ठेवेल. मला माझ्या घरी, माझ्या अंथरुणात मरायचंय गं. त्याला डोळे भरून बघायला आले होते, बघितलं. तीन आठवडे तू गप्प राहा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मला दया नाही आली, राग आला. सहा महिने ज्या बाईने मला मीठ कुठे ठेवलंय हेसुद्धा विश्वासाने विचारलं नाही, तिने एवढं मोठं ओझं माझ्याच डोक्यावर ठेवावं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. बाहेरून नवऱ्याने हाक मारली, बोर्डिंग सुरू झालं होतं. मी "बरं" म्हणाले आणि त्यांचा स्वेटर खाली ओढला.

वजनाने हलकी माणसं मागे, म्हणून सासूबाई आणि मी शेवटच्या रांगेत बसलो. नवरा आमच्या पुढच्या सीटवर होता. इंजिनाचा आवाज इतका होता की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. समुद्र ओलांडून आम्ही त्या बेटावर आलो आणि विमान खाली उतरू लागलं. आधी हिरवं जंगल होतं, मग एकाएकी सगळं काळं. काळं म्हणजे मैलच्या मैल काळं, मध्येच जळालेल्या झाडांचे खुंट. गंधकाचा वास आत आला आणि पुढच्या एका बाईने नाकाला रुमाल लावला. वैमानिक स्पीकरवरून सांगत होता, डावीकडे बघा, ते लाव्ह्याचं तळं. त्याने विमान कलतं केलं. खाली डांबरासारखी साय धरलेलं काहीतरी होतं, ती साय फाटत होती आणि भेगांतून नारिंगी उजेड दिसत होता. सासूबाईंनी कपाळ काचेला टेकवलं होतं. त्यांच्या तोंडावर लहान मुलीसारखा आनंद होता. तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

नेमका तेव्हाच नवरा मागे वळला. "आई, एक सरप्राइज आहे! तुझं रिटर्न तिकीट मी कॅन्सल केलं!"

त्यांना ऐकू आलं नाही. तो पुन्हा ओरडला. "तिकीट कॅन्सल! मी आता सिटिझन झालोय ना? तुझ्या ग्रीन कार्डचे पेपर्स फाइल करतोय. आता परत जायचंच नाही, आमच्याकडेच राहायचं!"

सासूबाईंनी काचेवरचं कपाळ काढलं. "नाही रे बाबा. मला जायला हवं."

"का? तिथे आहे कोण? मावशीच ना? तिला पण बोलावू इकडे."

"माझं घर आहे तिथे."

"घर भाड्याने देऊ. आई, तू कारण सांग. एक सॉलिड रीझन दे, लगेच तिकीट बुक करतो."

सांगण्यासारखं कारण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसं बघणं मी नंतर कुणाच्याही डोळ्यांत पाहिलं नाही. आणि मी ओरडले, "कारण मला चालणार नाही!"

"काय?"

"मला त्या कायमच्या घरात नकोत! सहा महिने झाले, बस झालं. मला विचारलंस तू? तिकीट कॅन्सल करताना मला एका शब्दाने विचारलंस?"

विमान दुसऱ्या बाजूला कललं, अमेरिकन मंडळी "वॉव, वॉव" करत उजव्या खिडक्यांकडे वाकली. मी थांबले नाही. भांडी पुन्हा घासतात, प्रत्येक गोष्टीत टोमणे, माझ्या स्वयंपाकघरात मीच पाहुणी, सगळं बाहेर काढलं. सोंग आणायला मला फार कष्ट पडले नाहीत. त्यातलं निम्मं खरंच होतं, आणि तेच ऐकताना मला स्वतःची किळस येत होती.

सासूबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. शिक्षिकेचा आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "ऐकलंस ना? मलाही हिच्या हाताखाली राहायची हौस नाही! हिच्या हातची पोळी माझ्या घशाखाली उतरत नाही. मला माझ्या घरी पाठव!"

पोळीचं खरं होतं. ती खरंच उतरत नव्हती.

आमचा आरडाओरडा ऐकून पलीकडच्या एका आजीबाईंनी वळून आमच्याकडे पाहिलं आणि गोड हसल्या. ज्वालामुखी बघून आम्ही हरखून गेलोय, असं त्यांना वाटलं असावं. आमची भाषा समजणारा विमानात एकच माणूस होता. तो पुढे वळून बसला आणि हिलोला उतरेपर्यंत त्याने मान वळवली नाही.

पुढची सगळी सहल तशीच झाली. बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागे बसला, आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या सीटवर. विवराच्या काठाशी जमिनीतून वाफा निघत होत्या. तो फोटो काढायला लांब गेला तेव्हा सासूबाईंनी खाली वाकून काळ्या दगडावर हात ठेवला. "आपल्या नाशिकचाच दगड हा," त्या म्हणाल्या. "आपला डोंगर न् डोंगर असाच ओतलेला आहे. मुलांना किती वर्षं सांगितलं." मी त्यांना उठायला हात दिला. तो परत येताना दिसला तसा सोडून दिला.

त्याने तिकीट पुन्हा बुक केलं. तीन आठवडे आम्ही त्याच्यासमोर एकमेकींशी बोललो नाही. तो ऑफिसला गेला की मी सुट्टी टाकून घरी थांबे आणि त्यांना भाताची पेज चमच्याने भरवी. त्या दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं मी माझ्या आईशीही बोलले नव्हते. विमानातल्या भांडणाच्या आठवणीने त्या एकदा इतक्या हसल्या की पोट धरून कळवळल्या.

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर तो शेजारीच उभा होता. मला वाकून नमस्कार करायचा होता. पण ज्या सुनेने सासूला घालवलं ती कशी वाकेल? त्या त्याच्या तोंडावरून हात फिरवून आत गेल्या, माझ्याकडे न बघता. ठरल्याप्रमाणे.

दिवाळीच्या आधी मावशींचा फोन आला. सासूबाई आपल्या घरी, आपल्या अंथरुणात गेल्या होत्या. आजाराचं नाव त्याला तेव्हा कळलं. त्याने रिसीव्हर ठेवला. मी त्याच्याजवळ गेले. शपथ आता संपली होती आणि मी सगळं सांगणारच होते. तो म्हणाला, "इथे असती तर वाचली असती. तू घालवलंस तिला."

मग मी सांगितलं नाही. मला वाटलं, रडून झालं, राग ओसरला की हा स्वतःच विचारेल. चार वर्षं ज्या बाईबरोबर राहिलो ती असं का बोलली असेल, हा प्रश्न कुठल्याही माणसाला पडला असता. मी वाट पाहिली. पुढे आमचा संसार झाला, घर झालं, आम्ही म्हातारे झालो. पार्ट्यांमध्ये आईचा विषय निघाला की तो माझ्याकडे एकदा बघे आणि गप्प होई. परवा तोही गेला. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही. मी तशीच असेन, हे त्याला विमानातल्या माझ्या पहिल्याच वाक्याला पटलं होतं.