उलटा बसवलेला पंखा

सिल्वासात पंख्याच्या कारखान्यात मी अठरा वर्षं फिटर आहे. धुळ्याहून आलो तेव्हा दहावी नापास होतो, अजूनही आहेच. पण छताचा पंखा मी डोळे मिटून बसवतो. म्हणून माझ्या नववीतल्या पोरीने वर्गात छाती ठोकून सांगितलं, "विज्ञान प्रदर्शनात मी हेलिकॉप्टर ठेवणार. माझे पप्पा पंखे बनवतात, त्यांना सगळं येतं!" झालं! सगळं येतं म्हणे! पोरीचा एवढा भरवसा मोडला असता, तर नोकरी गेल्यापेक्षा जास्त लागलं असतं मला.

ठरलं असं, की हेलिकॉप्टर उडवायचं नाही, वजनकाट्यावर ठेवायचं. पाती हवेला खाली ढकलतात, हवा यंत्राला वर उचलते, मग काट्यावर वजन कमी दिसायला हवं. काटा आमच्या अथालच्या चाळीखालच्या गुजराती दुकानदाराने दिला. "चालशे, लई जाव," म्हणजे चालेल, घेऊन जा, एवढंच म्हणाला. भला माणूस.

भंगारातला पत्रा कापून मी पाती केली. त्यांना कारखान्यातल्यासारखाच बाक दिला, मोटरही रोजच्याच बाजूला फिरवली. फक्त दांडी खाली आणि पाती वर. बटण दाबलं, तर वजन वाढलं!

"पप्पा, हे तर खाली बसतंय," पोरगी म्हणाली.

मी बाक वाढवला. वजन आणखी वाढलं. अख्खा रविवार तेच करत बसलो आणि घरात सगळ्यांवर डाफरलो. बायको बिचारी मुकाट्याने चहा ठेवून गेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या नाशिकच्या इंजिनिअर साहेबांना ते काट्यासकट कारखान्यात नेऊन दाखवलं. त्यांना हसू आवरेना. "अहो मामा, हा छताचा पंखा झाला! दांडी वर असते तेव्हा हा हवा खाली टाकतो. तुम्ही दांडी खाली केलीत, आता तो हवा वर फेकतोय."

हात्तिच्या! अठरा वर्षांची सवय हाताला, आणि डोकं बंद.

साहेबांनी दोन वायरींची अदलाबदल केली. मोटर उलटी फिरली, वजन उतरलं. पण आता हलकं झाल्यावर हेलिकॉप्टरचं धडच गरागरा फिरायला लागलं. साहेब म्हणाले, "पाती एकीकडे फिरली की बाकीचं अंग उलटं फिरायला बघतं. आपल्या पंख्याची दांडी छत धरून ठेवतं. हवेत कोण धरणार? सुरुवातीला हेलिकॉप्टर बनवणाऱ्यांनी यापायी डोकी फोडून घेतली. कुणी विरुद्ध फिरणारे दोन पंखे लावले, कुणी शेपटीला छोटा पंखा बसवला."

आम्हीही शेपटीला छोटा पंखा लावला. तेवढ्यात सुट्टी संपली, साहेबांचा डबा उघडायचाच राहिला. घरी येऊन मी पोरीला मात्र बजावलं, "उलटं बसवल्याचं कुणाला सांगू नकोस हं. लाज जाईल माझी."

प्रदर्शनात परीक्षक बाई आमच्या टेबलाशी आल्या. वजन उतरताना पाहून त्यांनी विचारलं, "आणि मोटर दुसऱ्या बाजूने फिरली तर?"

पोरीला उत्तर पाठ होतं. पण मी बजावलेलं तिच्या ध्यानात होतं. नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी पुढे जायला वही मिटली. मीच ओरडलो, "अगं सांग ना! सगळं सांग!"

"वजन वाढतं, बाई," ती म्हणाली. "माझ्या पप्पांनी आधी तसंच बसवलं होतं. रविवारभर."

आजूबाजूचे सगळे खो खो हसले. माझे कान तापले.

"मग?" बाईंनी वही पुन्हा उघडली.

"मग त्यांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. पप्पांना सगळं येत नाही, बाई. पण विचारायला ते लाजत नाहीत."

नंबर दुसऱ्याच शाळेचा आला. येऊ दे. मी तिथेच भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, आणि उपाशी राहिलेल्या साहेबांना, त्या दुकानदाराला, चहा ठेवणाऱ्या बायकोला आणि या माझ्या लेकीला मनातल्या मनात हात जोडले.