बारा सिलिंडरांचं दान

आधी गाडीकडे पाठ करायची. मग धोतर गुडघ्यांपर्यंत गोळा करून, "हर हर महादेव" म्हणत, मागच्या मागे विहिरीत उतरावं तसं खाली बसायचं. मग एक पाय आत, मग दुसरा. त्या गाडीचं दार बाकीच्या दारांसारखं बाजूला न उघडता सरळ आकाशाकडे उघडतं. ते शेवटी शेंडी सांभाळत खाली ओढायचं.

गुरुजी त्या गाडीत असे बसत. बाहेर काढायला दोन माणसं लागत.

"किसकी गाडी है, गुरु?" बघ्यांपैकी कुणीतरी विचारायचंच.

"ज्याची होती त्याचीच," गुरुजी हिंदी प्रश्नाला मराठीत उत्तर द्यायचे. "मी नुसता पचवतोय."

स्पष्टच सांगते, मला मोटारी आवडत नाहीत. बनारसच्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला जागा नाही, आणि ज्यांना जागा आहे ते हॉर्न वाजवून आणखी मागतात. यावर आमचा चार-पाच जणांचा गट पत्रकं काढतो. मी लिहिते, मीच वाटते, शिव्याही मीच खाते. तेव्हा राजा घाटामागच्या गल्लीत राहणारे एक मराठी गुरुजी, ज्यांच्या दारापर्यंत सायकलसुद्धा धड जात नाही, ते जगात मोजक्याच असलेल्या एका इटालियन गाडीचे मालक आहेत हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. मी त्यांच्यावर अख्खं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'भिक्षुकाला वेग कशाला?'

दुसऱ्याच दिवशी गुरुजी पत्रक हातात घेऊन आमच्या घरी हजर. आईने घाबरून चहा टाकला.

"ही पत्रकवाली कोण? तू? छान लिहितेस. जोर आहे. पण एक चूक झाली बेटा. तू गाडी लाल लिहिलीस. केशरी आहे."

"तुम्हाला राग नाही आला?"

"शिव्या द्यायच्या तर समोर येऊन दे. गाडीलाही कळू दे. उद्या सकाळी नावेवर ये."

अशा माणसाशी भांडायचं कसं, ते तुम्हीच सांगा.

गाडी गंगेपलीकडे, रामनगरला, एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत असायची. नावेत बसल्यावर गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची धर्मकृत्यं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. त्यातलंच कोल्हापूरचं एक कारखानदार घराणं. त्या घरातला थोरला मुलगा आजाराने ऐन उमेदीत गेला. धाकट्याला घेऊन आई काशीला आली. शय्यादान होतं. गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू ब्राह्मणाला द्यायच्या, म्हणजे पलंग, गादी, छत्री, चपला. सगळं झालं. शेवटी आईने गुरुजींच्या हातावर एक किल्ली ठेवली आणि म्हणाली, "हे त्याचं सगळ्यात आवडतं."

"मला वाटलं कपाटाची असेल," गुरुजी म्हणाले. "फार तर स्कूटरची. पाणी सोडलं, 'प्रतिगृह्णामि' म्हणून मोकळा झालो. घेतलं ते घेतलं. नंतर 'आधी बघू तर दे' म्हणता येत नाही."

काही आठवड्यांनी बंद ट्रकमधून दान आलं.

सोबतच्या चिठ्ठीत आईने दोन गोष्टी मागितल्या होत्या. विकू नका, आणि वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला मी येईन, तेव्हा ती मला लांबून येताना ऐकवा. मुलगा घरी यायचा तेव्हा गाडी तिला आधी ऐकू यायची, मग दिसायची. तेवढंच तिला हवं होतं.

"दान घेणं सोपं असतं," गुरुजी म्हणाले. "ते पचवावं लागतं. देणाऱ्याचं मन राखावं लागतं, नाहीतर अंगावर येतं. पलंग पचतो. छत्री तर सहज पचते. ही बारा सिलिंडरं पचवता पचवता माझं काय होतंय ते बघ तू."

खरंच बघण्यासारखं होतं. उंदरांनी वायरी खाल्ल्या. माकडांना तिचं छप्पर ऊन खायला आवडलं. दुसऱ्या राज्यातली गाडी नावावर करून घ्यायला गुरुजींनी परिवहन कार्यालयाच्या इतक्या खेपा घातल्या की तिथले बाबू त्यांच्याकडून मुहूर्त काढून घेऊ लागले. काम मात्र तसंच पडून. (त्या बाबूंवर माझं वेगळं पत्रक आहे.) पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला टाकीचं झाकण सापडेना. क्लच बदलायला दिल्लीहून मिस्तरी आला, तो कचोरीच्या नादाने आठवडाभर राहिला. आणि मागचं काहीच दिसत नाही! काच आहे, पण काचेत इंजिन. गाडी मागे घ्यायची तर दार वर उघडून, उंबरठ्यावर बसल्यासारखं दाराच्या चौकटीवर बसायचं, अर्धं अंग बाहेर काढायचं आणि मान वळवून मागे बघत हाकायची. धोतर नेसलेला, कपाळाला गंध लावलेला सत्तरीचा माणूस असा अर्धा बाहेर लोंबकळत त्या केशरी बाणाला वखारीत ढकलतोय, हे दृश्य पाहून मी हसले. हसले म्हणजे, बसून हसले.

आणि ते भक्त! लखनौ, पाटणा, जबलपूर, कुठून कुठून पोरं यायची. गाड्यांचे वेडे. एक लखनौचा दातांचा डॉक्टर तर नेहमीचाच. ती पोरं आधी गाडीभोवती गप्प फिरायची, मग जमिनीवर पालथी पडून तिचं पोट बघायची. धातूच्या पट्टीतल्या खाचांतून फिरणारा तो गिअरचा दांडा 'खट' असा बसला की डोळे मिटायची.

"गुरुजी, छू लें?"

"छू लो. हाथ धो के."

कुणीतरी गुरुजींना सांगितलं की बारा सिलिंडर एका ठरलेल्या क्रमाने पेटतात. झालं. तो क्रम गुरुजींनी वेदपाठासारखा घोकला. "एक-सात, सात-एक, एक-सात-पाच, पाच-सात-एक, एक-सात-पाच..." हात वर-खाली करून स्वरासकट म्हणायचे. पोरं हात जोडून ऐकायची.

"अर्थ कळतो का गुरुजी?" मी खोचून विचारलं.

"अर्थ नंतर. आधी पाठांतर."

मी पत्रकं काढायची थांबले नाही, हेही लिहून ठेवते. गुरुजी ती वाचायचे, नावेत बसल्या बसल्या शुद्धलेखन दुरुस्त करून द्यायचे, आणि "ठेकेदारावर आणखी जरा चढव" असं सुचवायचे. आमच्या घरात मराठी आता जेवणापुरती आणि भांडणापुरती उरली आहे. माझं लिहायचं मराठी जे काही आहे ते त्या नावेतलं.

आता गतिरोधकाचं सांगते.

वखारीची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक प्राथमिक शाळा आहे. दुधाची एक गाडी तिथे भरधाव आली आणि एका पोरीचा पाय मोडला. आम्ही धरणं धरलं, पत्रकं काढली, गतिरोधक मागितला. बरेच महिने कुणी ऐकलं नाही. मग एकदम ऐकलं. ठेकेदाराने गल्लीच्या तोंडाशी जे बांधलं त्याला गतिरोधक म्हणणं म्हणजे घाटाच्या पायरीला उंबरठा म्हणणं. मोजपट्टी घेऊन मी पोहोचले, तर समोर गुरुजी आणि ते केशरी नाक. नाक जमिनीपासून चार बोटं वर, आणि पुढे ही भिंत.

त्याच दिवशी तिथी होती.

कोल्हापूरची ती आई, आता आजीच झालेली, आली होती. आजींना घाटाच्या पायऱ्या उतरणं आता जमत नसल्यामुळे गुरुजींनी श्राद्धच वखारीच्या अंगणात ठेवलं होतं. आजींची नजर गेली होती. काठी टेकून त्या अंगणातल्या खुर्चीत बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडे करून.

"इथेच चालू करून ऐकवा ना," मी हळूच म्हटलं.

"उभी गाडी गुरगुरते. तिला येताना ऐकायची असते." गुरुजींचा चेहरा मी प्रथमच उतरलेला पाहिला. "एवढी वर्षं चुकलं नाही. पुढच्या वर्षी बाईंना प्रवास झेपतोय की नाही, कुणी सांगावं."

लखनौचा डॉक्टर म्हणाला, "मैडम, थोड़ा-सा तोड़ देते हैं, बस एक कोना।"

"हात लावून बघा!" मी गतिरोधकावर उभी राहिले. "चुकीचा बांधलाय, तर उद्या ठेकेदाराकडून नीट बांधून घेऊ. पण शाळेसमोर तो राहणार." आजही तेच म्हणते.

"कोण तोडतंय?" गुरुजी डॉक्टरवर खेकसले. "पोरांसाठी आहे तो. उतर गं खाली, तुझा पुतळा नाही करायचा इथे." मग ते अंगणाकडे बघत राहिले. ब्राह्मणभोजनाची पंगत मांडून झाली होती. पाटांची रांग, पाटांवर बसलेले ब्राह्मण, पुढे केळीची पानं.

"ओ शास्त्रीबुवा," त्यांनी हाक मारली, "उठा जरा. पाट द्या."

"पाट? आणि जेवायचं कशावर बसून?"

"भुईवर. पूर्वज काही म्हणणार नाहीत."

"पूर्वजांचं सोडा, माझे गुडघे म्हणतील!"

पण उठले. सगळेच उठले. जाड शिसवी पाट, पिढ्यान्‌पिढ्या बसून गुळगुळीत झालेले. अलीकडे एकावर एक रचत चढ केला, पलीकडे तसाच उतार. पोटाला लागू नये म्हणून चाकांपुरत्या दोनच रांगा. डॉक्टर जमिनीवर पालथा पडून अंतर बघत होता. शास्त्रीबुवा "डावीकडे, अहो डावीकडे" असं ओरडत होते, जन्मात कधी सायकलही न चालवता. आणि पाट कमी पडले तेव्हा वखारीतून ओंडक्याच्या चकत्या वाहून आणणारी, गाडीच्या चाकाखाली स्वतःच्या हाताने त्या सरकवणारी मी होते. आमच्या गटातल्या कुणी ते पाहिलं नाही, हे बरं झालं.

गुरुजी विहिरीत उतरले. दार ओढलं. गाडी पाटांवर चढली, एक पाट करकरला, आणि ती केशरी बया अगदी नव्या नवरीसारखी पाऊल टाकत पलीकडे उतरली. "हर हर महादेव!" शाळेतली पोरं खिडक्यांना लटकून ओरडली.

गाडी दिसेनाशी झाली. अंगण शांत. आजी काठीवर दोन्ही हात ठेवून बसल्या होत्या.

मग लांबून आवाज आला. मी आवाजाच्या विरोधात पत्रकं काढते, तरी सांगते, त्या आवाजात हॉर्नची अरेरावी नव्हती. दूर कुठेतरी गळा मोकळा करून कुणी तान घ्यावी, ती चढत चढत आपल्याच घराकडे यावी, तसं काहीतरी. आजींची मान त्या दिशेने वळत गेली. गाडी गतिरोधकापलीकडे येऊन थांबली. गुरुजींना दोघांनी ओढून बाहेर काढलं. धापा टाकत ते आजींसमोर उभे राहिले.

"दुसऱ्या गिअरवर लवकर टाकलीत, गुरुजी," आजी म्हणाल्या. "तो नसता टाकत. अजून थोडी खेचायचा."

"हो का?"

"हो. मी रागवायची त्याला." आणि आजी हसल्या. डोळे पुसत, पण हसल्या. "आता विकलीत तरी चालेल. पचलं हो तुमचं दान. माझं येणं आता काही होत नाही."

तो क्षण बघण्यासारखा होता. मोकळं केल्यावर माणसाला आनंद व्हावा ना? गुरुजी मात्र पंगतीत भुईवर बसून दहीभात कालवत राहिले, घास घेईनात.

"विकणार?" मी विचारलं.

"वेडी आहेस." मग पहिला घास घेत, "बाईंना येणं जमत नाही. आम्हाला जाणं जमतंय ना?"

कोल्हापूर! काशीहून! त्या गाडीने! मी भडकले, ट्रकमध्ये घाला म्हटलं. गुरुजींनी स्वतःचे कान पकडले. "दान ट्रकमध्ये घालून घरी पाठवायचं म्हणजे परत केल्यासारखं होतं. देणाऱ्याचा अपमान. मी स्वतः घेऊन गेलो तर ती भेट. भेटायला कुणीही जातं."

मग त्या गाडीवेड्या पोरांनी जे केलं ते आमच्या गटाला कधी जमलं नाही. गावोगावच्या ओळखी जोडल्या. कुठल्या वळणावर खड्डा, कुठे रस्ता उखडलेला, कुठल्या पंपावर चांगलं पेट्रोल, सगळी माहिती पुढे पुढे जात राहिली. प्रत्येक शहराच्या वेशीवर कुणी ना कुणी घ्यायला उभं. जबलपूरकडून गुरुजींचा फोन आला, "इथे पुढचं टायर बसलं. आणि मला जिलबी खायला बसवलंय." नागपूरहून, "इथे सगळे मराठी बोलतात गं, रस्त्यावरसुद्धा! बाजारातसुद्धा!"

पोहोचले. आणि तिथेच आहेत. "येतो, येतो" म्हणतात. आजी सोडत नाहीत, पाऊस आहे, एक पुर्जा यायचाय, मिसळ चांगली मिळते, कारणं रोज नवी. इथे त्यांची यजमानांची कामं शास्त्रीबुवा बघतात. वखारीत माकडं बसतात. माझी पत्रकं अशुद्ध निघतात.

काल तिथी होती. सकाळी गुरुजींच्या फोनवरून फोन आला, पण बोलत होत्या आजी.

"पत्रकवाली ना तू? ते फोन माझ्याकडे देऊन गेलेत. तुला ऐकव म्हणाले. मी गॅलरीत बसलेय."

"गुरुजी कुठायत?"

"बोलू नकोस गं जरा."

मी राजा घाटाच्या पायरीवर बसले होते. फोन कानाला घट्ट धरला. पलीकडे आधी नुसता वारा, मग कुणाच्यातरी अंगणातला कोंबडा. मग अगदी बारीक, लांबून, चढत चढत येणारं काहीतरी.

मला पुरतं ऐकूही आलं नव्हतं, तोवर आजी तिकडे कुणाला तरी म्हणाल्या, "आला."