आधी जेवी ल्या

दुपारचा एक वाजून गेला होता. सुनंदा, माझी बायको, तिच्या बहिणीकडे गेलेली, गॅसवर आमटी झाकून ठेवलेली, आणि मी आळसापायी पान वाढून घ्यायचं पुढे ढकलत वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसलो होतो. तेवढ्यात राजूचा फोन आला. राजू म्हणजे सुकदेवकाकांचा मुलगा. सुरतेजवळ कामरेजला त्याचा भरतकामाच्या मशिनींचा छोटा कारखाना आहे. सुरतेतच जन्मलेला, त्यामुळे माझ्याशी कायम गुजराती-हिंदीची खिचडी करून बोलतो. त्या दिवशी मात्र 'केम छो दादा' नाही, तब्येतीची चौकशी नाही, सरळ अहिराणीत त्यानं विचारलं, "दादा, जेवन झायं का?" मी नाही म्हणालो. "मंग आधी जेवी ल्या. नंतर फोन करा," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला... काका गेले हे राजूनं सांगितलं नाही. सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

या गोष्टीला आता दीड महिना होईल. फौजेतून निवृत्त झाल्यापासून माणसं मला दोनच कामांसाठी बोलावतात, झेंडावंदनाला आणि श्रद्धांजलीच्या भाषणाला. दोन्हींचा मला कंटाळा आलेला आहे. काकांवर भाषण करा असं कुणी म्हटलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. लिहितो आहे ते एवढ्यासाठीच की ती गल्ली आता तशी राहिलेली नाही आणि काकांचा प्रश्न ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

सुकदेवकाका उधन्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. कापडाच्या गाठींवर इंग्रजी लेबलं लावायची, म्हणून मोठी अक्षरं झरझर वाचता यायची. शिवाय गावाकडून मॅट्रिक होऊन आलेले. आमच्या गल्लीतला बाकी सगळा खानदेश लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा असायचा. घरांचे नंबर कुणी कसेही टाकलेले, एका नंबरात तीन बिऱ्हाडं. टपालवाला बिचारा गुजराती, त्याला पाटलांमधले पाटील कसे ओळखू येणार? तो सगळ्यांचं टपाल काकांच्या ओट्यावर टाकून मोकळा व्हायचा. हळूहळू लोकांनी पत्ताच तसा द्यायला सुरुवात केली... मार्फत सुकदेव पाटील, उधना. काकांची पहिली पाळी असे. दुपारी तीनला घरी आले की हातपाय धुऊन ते ओट्यावर बसायचे आणि टपाल वाटायचे, वाचून दाखवायचे, उत्तरं लिहून द्यायचे. कुणाकडून कपभर चहासुद्धा घेतला नाही.

तार आली की गोष्ट वेगळी. आमच्याकडे तार म्हणजे गावाकडे कुणीतरी गेलं, दुसरा अर्थच नव्हता. घरात मृत्यूची बातमी शिरली की चूल पेटत नाही, आणि भुसावळ पॅसेंजर दोंडाईच्याला पोचायला पाच-सहा तास घेते; पुढे बैलगाडी नाहीतर पायपीट. काकांच्या स्वतःच्या वडलांची तार सकाळीच आली होती. ते तसेच उपाशी निघाले आणि गावच्या मसणवटीत चक्कर येऊन पडले. बापाला खांदा दिला तो चुलत्यांनी. हे शल्य त्यांना फार होतं. तेव्हापासून त्यांनी एक रीत धरली. तार वाचून खिशात घालायची, त्या घराच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "जेवन झायं का?" झालं नसेल तर समोर बसून जेवायला लावायचं, मग बातमी सांगायची. तीही एकदम नाही. आधी 'तब्येत बरी नाही', मग 'जास्त आहे', मग काय ते. वर्ष-दोन वर्षांत सगळ्या गल्लीला ही रीत कळली आणि तिचा उपयोग संपला. काका दारात उभे राहून जेवणाचं विचारतात म्हटल्यावर घास कुणाच्या घशाखाली उतरणार? तरी काकांनी ती सोडली नाही, आणि गंमत म्हणजे लोकही रडत रडत का होईना, दोन घास खायचे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी बारावीला होतो आणि खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा दिली होती. ती असते हे मला काकांमुळेच कळलं. मिलच्या ऑफिसातून ते रद्दीतलं इंग्रजी वर्तमानपत्र घरी आणायचे, त्यात जाहिरात होती. लेखी झाली, भोपाळला पाच दिवसांची मुलाखत झाली, वैद्यकीय तपासणी झाली. मग पेपरात यादी आली. काका आणि मी ओट्यावर बसून आकड्यांच्या रांगांवरून बोट फिरवत गेलो. बोट पार तळाशी आलं तेव्हा माझा नंबर सापडला. एवढ्या खालच्यांना वरची जागा रिकामी झाली तरच बोलावतात. बोलावणं केव्हा, कसं येईल, येईल की नाही, काही ठाऊक नाही. बंगल्यातल्या मुलांच्या घरी फोन असतील, बापाचे ओळखीचे अधिकारी असतील. आमच्याकडे काकांचा ओटा होता. तेवढ्यात एक जाड लिफाफा आला. सोबत काय आणायचं त्याची यादी आणि एक करारपत्र. त्यावर वडलांची सही पाहिजे. प्रशिक्षणात मुलाला इजा झाली किंवा तो दगावला तर आम्ही काही मागणार नाही, असं त्यात लिहिलेलं. काकांनी ते बापूंना, म्हणजे माझ्या वडलांना, जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आडपडदा ठेवला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. बापूंनी कागद घेतला, घडी घातली आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवून दिला. "बोलावणं येऊ दे, मग पाहू," म्हणाले. मी सतरा वर्षांचा, बापूंशी बोलणंच टाकलं. महिनाभर एका खोलीत राहून आम्ही दोघं आईमार्फत बोलत होतो. आज माझा मुलगा माझ्याशी तसं वागतो तेव्हा मला बापू आठवतात.

आणि एका दुपारी टपालवाला ओट्याशी येऊन म्हणाला, "सुकदेवभाई, तार छे." काकांनी तार वाचली. जागा रिकामी झाली होती, चार दिवसांत हजर व्हायचं होतं. आमच्या गल्लीच्या इतिहासात पहिल्यांदा कुणी मेल्याशिवाय तार आली होती. काका अनवाणी धावत आमच्या दारात आले. धाप लागलेली, डोळे भरून आलेले. आई परातीत पीठ मळत होती. काय बोलावं ते त्यांना सुचेना आणि तोंडाला पडलेली सवय तेवढी बाहेर पडली. "वयनी, जेवन झायं का?"

आईनं परात ढकलली. "आबा गयात का, भाऊ?" असं तिनं एकदाच विचारलं आणि हंबरडा फोडला. आबा म्हणजे माझे आजोबा, बापूंचे वडील, गावी एकटे राहायचे. बाया जमल्या. मी वाचनालयातून परतलो तर दारात ही गर्दी, आई मधोमध, आणि काका हात जोडून सगळ्यांना सांगताहेत, "कोनी नही गयं व माय, कोनी नही गयं." कुणी विश्वास ठेवीना. इतकी वर्षं त्यांनी मृत्यू टप्प्याटप्प्यानं सांगितला होता. 'कुणी गेलं नाही' हा सगळ्यांना पहिला टप्पा वाटला. शेवटी त्यांनी तार माझ्या हातात दिली आणि मी मोठ्यानं वाचली तेव्हा कुठे रडं थांबलं. पण तोवर शेजारचे रमणभाऊ सायकल काढून सचिनच्या औद्योगिक वसाहतीत पोचले होते, बापूंच्या लूमवर. त्यांनीही जास्त काही सांगितलं नाही. सुकदेवभाऊंनी जेवणाचं विचारलं, एवढंच. बापूंनी पाळी अर्धी टाकली, घरी न येता थेट उधना स्टेशन गाठलं आणि समोर आली त्या पॅसेंजरमध्ये बसले. रमणभाऊंकडून कळल्यावर आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी जाऊन अर्धा तास झाला होता.

चार दिवस हातात, पेटीत बिनसहीचा कागद, आणि सही करणारा माणूस जिवंत बापाच्या मयताला निघालेला. गावात फोन नव्हता. मी काकांना नाही नाही ते बोललो. तुमच्या त्या प्रश्नानं माझं वाटोळं केलं, असंसुद्धा म्हणालो. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी खाडा करून, तो कागद पिशवीत घालून सकाळच्या गाडीनं ते आमच्या गावी गेले. मला सोबत नेलं नाही. "तू तठे वाकडं बोलशी," म्हणाले, आणि ते खरंच होतं.

गावात काय झालं ते मला काकांनीच पुढे सांगितलं. बापूंनी उभ्या आयुष्यात त्यावर अवाक्षर काढलं नाही. बापू आदल्या रात्री उशिरा घराशी पोचले तर आबा अंगणात खाटेवर बसून तंबाखू मळत होते. बापू त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखे रडले. गाडीत सबंध वाट ते एकच घोकत आले होते, की म्हाताऱ्याला एकट्याला टाकून आपण पोटासाठी सुरतेला गेलो आणि शेवटी तोंडही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका पोचले. बापू रागावले नाहीत. तिघंही जेवले आणि मग काकांनी कागद पुढे ठेवला. बापूंनी तो नुसता पाहिला. आबांनी विचारलं, हे काय आहे? काकांनी त्यांनाही ते कलम सांगितलं, पुन्हा जसंच्या तसं. आबांनी कागद हातात घेऊन उलटापालटा केला. मग बापूंना म्हणाले, "तू सुरतले गया तवय मनी सही कोनी लिन्ही व्हती?"

बापूंनी सही केली. साक्षीदार म्हणून काकांची सही आणि आबांचा अंगठा. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं परत आले. मी संध्याकाळची गाडी पकडली आणि चौथ्या दिवशी, मुदत संपायला दोन तास उरले असताना, फाटकाशी उभा राहिलो. निघताना बापूंनी पाठीवर हात ठेवला. काकांच्या मी पाया पडलो, माफी मात्र मागितली नाही. ती राहिली ती राहिलीच.

पुढे गल्लीनं काकांवर एक नियम लादला. चांगली बातमी असेल तर दारात येऊन 'चहा टाका' म्हणायचं. काकांनी तो निमूट मान्य केला. मी प्रबोधिनीत असताना सुरतेत प्लेगची धास्ती पसरली, गल्ली रिकामी झाली, गाड्यांच्या टपांवर बसून लोक गेले. काका राहिले. सगळे गेले तर टपाल घ्यायला कोण, असं त्यांनी मला पोस्टकार्डावर लिहिलं होतं, आणि खाली सुखरूप पोचलेल्यांची नावं. मग कोपऱ्यावर एसटीडीचं दुकान आलं, घराघरांत फोन आले, आणि काकांचं काम संपलं. आता घास तोंडात असतो आणि बातमी येऊन पडते, अशी त्यांची तक्रार असे.

नव्वदीचं दशक संपत आलं तेव्हा मी कॅप्टन होतो. डोंगरातल्या रस्त्यावर आमची एक गाडी दरीत गेली आणि तीत शिरपूरकडचा एक पोरगा गेला. बावीस वर्षांचा. पार्थिव मागून येणार होतं. भाषा येते म्हणून मला पुढे पाठवलं. दार उघडं होतं, आई एकटी चुलीशी बसलेली. वाटेत मी कितीतरी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणालो, "माय, जेवन झायं का?" तिनं माझ्या वर्दीकडे पाहिलं. तिच्या लेकाच्या पलटणीतला कुणी आला याचाच तिला आनंद. "नही भाऊ. तू बी नही जेवना व्हशी. बस, वाढस." तिनं दोन ताटं वाढली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेलाची धार. ती लेकाच्या लहानपणच्या खोड्या सांगत होती आणि मी एकेक घास गिळत होतो. सबंध भाकरी खाल्ली. तिचं ताट रिकामं झालं, हात धुतले, आणि मग मी सांगितलं... त्यानंतर नोकरीत आणखी तीनदा हे काम माझ्याकडे आलं. मी थकलो आहे तो त्यामुळे, वयामुळे नाही.

शिरपूरनंतरच्या पहिल्याच सुट्टीत सुरतेला जाऊन काकांना हे सांगितलं. मला वाटलं होतं, त्या माउलीचं अन्न खाऊन मग तिला ते सांगितलं, यावर ते मला काहीतरी म्हणतील.  त्यांनी एवढंच विचारलं, "ती जेवनी का पन? पोटभर?"

"हो, काका."

"मंग बरं."

गेली दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. मी दिवाळीनंतर गेलो नव्हतो. जाऊ जाऊ म्हणत राहिलो. त्या दुपारी राजूनं फोन ठेवला तेव्हा ताबडतोब उलट फोन करावा असं मनात आलं, हातही गेला होता. पण मी उठलो, आमटी गरम केली, भात वाढून घेतला. पोळीही घेतली. शेवटचं शीत संपेपर्यंत जेवलो, ताट घासून पालथं घातलं, हात पुसले. मग राजूला फोन लावला.

"जेवलो रे," म्हणालो. "आता सांग."